आधी चाखा, मग शिजवा

(कापणीच्या सणाच्या उपासनेनंतर मंडळीसमोर केलेले भाषण. वसतिगृहाच्या अधीक्षिकाबाईंनी ते वार्तापत्रासाठी लिहून दिले आहे.)



समोर अर्पणाच्या मेजावर भाताच्या लोंब्या, नारळ, केळी आणि अंडी आहेत. त्यांच्या शेजारी मी दोन वस्तू ठेवल्या आहेत. एक कोवळा दुधी आहे. दुसरा वाळलेला तुंबा आहे, म्हणजे तोच दुधी वेलावर पूर्ण पिकू देऊन, वाळवून, आतून कोरून केलेले भांडे. दोन्ही आमच्या वसतिगृहातल्या मुलांनी पाठवले आहेत. दुधीचा लिलाव करायला हरकत नाही. तुंबा मात्र मला परत न्यायचा आहे, कारण त्यातले बी मुलांचे आहे.

आमचे वसतिगृह जव्हार-मोखाड्याच्या डोंगरपट्ट्यात आहे, हे तुम्हांला ठाऊकच आहे. मुले वारली, कोकणा आणि कातकरी घरांतली आहेत. पावसाळ्यात आईवडील नाचणी, वरई आणि भात करतात. दिवाळी झाली की बरीच कुटुंबे वीटभट्ट्यांवर कामाला जातात आणि होळीच्या सुमारास किंवा त्यानंतरही परततात. त्या महिन्यांत शाळा सुटू नये म्हणून मुले आमच्याकडे राहतात. पहिली ते पाचवीची ही लहान मुले दिवसा गावच्या शाळेत जातात. सकाळची न्याहारी आणि रात्रीचे जेवण आमच्याकडे असते.

आज मला भाजीबद्दल बोलायचे आहे. विषय लहान वाटेल, पण मी या कामातली सर्वांत मोठी चूक भाजीवरूनच केली.

शाळेच्या पोषण आहारात पहिली ते पाचवीच्या मुलामागे रोज १०० ग्रॅम धान्य, २० ग्रॅम डाळ आणि ५० ग्रॅम भाजी धरलेली असते. रात्रीच्या जेवणात आम्हीही तेच माप डोळ्यांसमोर ठेवत होतो. हिशेबाच्या वहीत भाजी रोज दिसायची, मुलांच्या पोटात मात्र ती जात नव्हती. भात संपायचा, आमटी संपायची आणि दुधीच्या फोडी ताटाच्या कडेला रांगेत उरायच्या. जेवणे झाली की शेळ्या दाराशी हजर. आमच्या शेळ्या तेव्हा चांगल्या धष्टपुष्ट होत्या.

मी शिस्तीची बाई. तुमच्या देणगीतून आलेले अन्न शेळीला घालणे मला सहन होईना. म्हणून नियम केला की ताट स्वच्छ झाल्याशिवाय कोणी उठायचे नाही. मुले नाक दाबून, पाण्याच्या घोटाबरोबर फोडी गिळू लागली. शेळ्या दाराशी यायच्या थांबल्या आणि मला वाटले, आपण जिंकलो.

तीन पावसाळ्यांपूर्वीची गोष्ट सांगते. आठवडी बाजारातून मीच दुधी आणले होते. त्या रात्री चण्याची डाळ घालून भाजी केली होती. मी पंक्तीत फिरत होते. दुसरीतली एक मुलगी एक घास खाऊन थांबली. ती म्हणाली, “बाई, भाजी कडू लागते.”

मी भाजी चाखली नाही. मी म्हणाले, “कारलेसुद्धा कडू असते, औषधासारखे खा. ताटात टाकायचे नाही.”

तिने माझ्याकडे पाहिले आणि खाल्ले. तिच्या शेजारच्या दोघांनीही खाल्ले. तासाभरात तिघांना उलट्या सुरू झाल्या. मुलीला जुलाबही लागले आणि हातपाय गार पडले. जीपने त्यांना दवाखान्यात नेले. सलाईन लावले. मी रात्रभर तिच्या खाटेशी बसून होते. पहाटे तिने पाणी मागितले, तेव्हा मला रडू आले. तिघेही बरे होऊन दुसऱ्या दिवशी परतले. ही देवाची कृपा, माझी हुशारी नव्हे.

डॉक्टरांनी मला एकच प्रश्न विचारला, “कडू लागत होता, तर खाऊ कसा दिला?” माझ्याकडे उत्तर नव्हते.

दुधी कधीकधी कडू का निघतो, ते आपण सर्वांनी समजून घ्यावे असे आहे. दुधी, लाल भोपळा, काकडी, शिराळी, घोसाळी ही सगळी एकाच कुळातली भावंडे. शहरातल्या मोठ्या दुकानांत झुकिनी म्हणून हिरवी, काकडीसारखी भाजी मिळते, तीही याच कुळातली. किडींपासून बचाव करण्यासाठी या कुळाजवळ एक कडू द्रव्य असते, त्याला कुकुरबिटासिन म्हणतात. माणसाने पिढ्यान्‌पिढ्या गोड फळांचे बी राखून ते जवळजवळ घालवले. तरी एखाद्या वेलावर ते पुन्हा येते. कधी पाण्याचा ताण आणि कडक ऊन सोसून येते. कधी शेजारी कडू भोपळ्याचा वेल असला आणि परागकण मिसळले, तर त्या बियांतून उगवलेल्या पुढच्या वेलाची फळे कडू निघतात. कारल्याच्या वेलाजवळ लावल्याने दुधी कडू होतो असे पुष्कळ लोक म्हणतात, ते खरे नाही. त्या दोघांचा संकर होत नाही.

शिजवल्याने हे द्रव्य जात नाही. मीठ, गूळ, मसाला घालून चव झाकता येते, पण विष तसेच राहते. दुधीचा कडू रस पिऊन आपल्या देशात माणसे दगावली आहेत. त्यानंतर भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या तज्ज्ञांनी याचा अभ्यास केला. तो २०१२ साली प्रसिद्ध झाला. त्यांचा सल्ला सोपा आहे. कापल्यावर लहान तुकडा चाखून पाहा आणि कडू लागला तर तो दुधी वापरू नका. कारल्याचा कडूपणा निराळा, तो त्याचा स्वभाव आहे. दुधीचा, भोपळ्याचा, काकडीचा कडूपणा हा इशारा असतो.

तुमच्यापैकी अनेकांना आता २ राजे, चौथा अध्याय आठवला असेल. गिलगालात दुष्काळ होता. एकजण रानात भाजी आणायला गेला, त्याला रानवेल दिसला, त्याने ओटीभर फळे आणून न ओळखताच हंड्यात चिरून टाकली. जेवायला बसलेल्यांनी घास घेताच ओरडून सांगितले की यात मरण आहे. लहानपणापासून मी ही गोष्ट चमत्कार म्हणून ऐकली आणि शिकवली. दवाखान्यातल्या त्या रात्री मला तीत दुसरे काहीतरी दिसले. खाणाऱ्यांनी सांगितले आणि अलीशाने त्यांचे ऐकले. “दुष्काळ आहे, मुकाट्याने खा” असे तो म्हणाला नाही. आमच्या पंक्तीत एका सात वर्षांच्या मुलीने तेच सांगितले होते आणि मी ऐकले नव्हते.

दोन दिवसांनी त्या मुलीची आजी पाड्यावरून चालत आली. मी तयारी ठेवली होती की ती नातीला घेऊन जाईल. ती अंगणात बसली, पाणी प्यायली आणि विचारले, “चाखला नव्हता का?” मी नाही म्हणाले. ती म्हणाली, “आम्ही देठाकडचा तुकडा जिभेला लावल्याशिवाय दुधी चिरीत नाही.” त्यांच्या घरात तुंब्यासाठी राखायचे वेल वेगळे आणि खायचे वेगळे, कारण भांड्याच्या जातींत कडू फळे असतात. हे तिला तिच्या आईने शिकवले होते. मी डी.एड. झालेली बाई. हे ज्ञान माझ्यापासून चार मैलांवरच्या पाड्यावर होते आणि मी कधी विचारले नव्हते.

मी तिची क्षमा मागितली. नंतर संध्याकाळच्या प्रार्थनेत सर्व मुलांसमोर त्या मुलीचीही मागितली आणि ताट स्वच्छ करण्याचा नियम त्याच दिवशी मोडला.

पुढच्या जूनमध्ये आजी पुन्हा आली. पदराच्या गाठीत दुधीचे आणि लाल भोपळ्याचे बी होते. “हे गोड आहे. पोरांना लावू दे,” ती म्हणाली. आमच्या परसबागेची सुरुवात अशी झाली.

कसे केले ते सांगते, कारण तुमच्यापैकी काही शिक्षक आहेत, काही रविवारची शाळा चालवतात आणि सगळ्यांच्या घरी नाही तरी बऱ्याच जणांच्या घरी अंगण आहे.

बी रात्रभर पाण्यात भिजवले. पहिल्या पावसानंतर कुंपणाच्या कडेने हातभर रुंद, हातभर खोल खड्डे घेतले. कुजलेले शेणखत आणि थोडी राख घातली. एका खड्ड्यात तीन बिया, एक पेराभर खोल. आठवड्याभरात उगवले. जोमदार दोन रोपे ठेवून तिसरे काढायचे, तर मुले रडकुंडीला आली. शेवटी तिसऱ्या रोपांसाठी नवे खड्डे खणले. कुंपण लांब आहे, माझे काय जाते? पहिली-दुसरीची मुले रोज पाने मोजत. तिसरी-चौथीची सुतळीने वेल मापून भिंतीवर खडूची रेघ मारत. एका मुलाला शाळेत मीटर आणि सेंटीमीटर काही केल्या कळत नव्हते. भोपळ्याच्या वेलाने त्याला ते पंधरा दिवसांत शिकवले.

फुले आली, तेव्हा खरी शाळा सुरू झाली. भोपळ्याचे पिवळे फूल पहाटे उमलते आणि ऊन चढले की मिटते. दुधीचे पांढरे फूल संध्याकाळी उमलते आणि रात्री पाकोळ्या त्यावर येतात. म्हणून आम्ही भोपळ्याचा वर्ग न्याहारीआधी भरवला आणि दुधीचा रात्रीच्या जेवणानंतर, टॉर्च घेऊन. एकाच वेलावर नर फुले वेगळी आणि मादी फुले वेगळी. मादी फुलाच्या मागे एवढेसे फळ आधीच असते. परागकण पोहोचले तर ते वाढते, नाही पोहोचले तर पिवळे पडून गळते. सुरुवातीला नुसती नर फुले येतात. मुले घाबरली, “बाई, आपला वेल वांझ आहे.” मी म्हणाले, आठ-दहा दिवस थांबा. पाऊस लागून राहिला की माश्या येत नाहीत. तेव्हा नर फूल तोडून मादी फुलाला हलकेच लावायचे, हे मुलांनी एकदा पाहिले आणि लगेच शिकली.

कोवळ्या फळाला बोट दाखवले तर ते कुजते, असे आपल्याकडे म्हणतात. आमची मुलेही बोट मुडपूनच दाखवत. मी त्यांना हसले नाही. म्हटले, दहा फळांना खूण करू, पाचांना बोट दाखवू, पाचांना नको. दोन्हीकडची काही वाढली, काही कुजली. कुजलेले कापून पाहिले तर आत अळ्या होत्या. फळमाशी कोवळ्या सालीत अंडी घालते, हे मुलांनी डोळ्यांनी पाहिले. मग उरलेल्या फळांना कागदाच्या पिशव्या बांधल्या आणि कुजकी फळे खोल पुरली. तरीही मुले अजून बोट मुडपूनच दाखवतात. असू दे. फळाशी अदबीने वागायला काय हरकत आहे?

आता खाण्याचे. आमचे नियम आता तीन आहेत. पहिला, भाजी चिरण्याआधी मावशी किंवा मी देठाकडचा बारीक तुकडा जिभेवर ठेवून चाखते. कडू लागला तर थुंकून टाकायचा, चूळ भरायची आणि ते फळ फेकून द्यायचे. पंधरा जणांची भाजी कमी पडली तरी चालेल. आमच्याकडे अलीशा नाही, म्हणून चाखणे आहे. दुसरा, ताटात भाजी चमचाभरच वाढायची. एक घास घ्यायचा, मग आणखी हवी की नको ते मुलाने सांगायचे. तिसरा, कोणी “कडू” म्हटले की हात थांबवायचा. सगळ्यांनी, आणि आधी बाईंनी.

पहिला दुधी तोडला त्या दिवशी मुलांनी तो हातोहात फिरवला. नख सहज रुतले तर कोवळा, नाही रुतले तर जून, हे आजीने शिकवले होते. कोवळी फळे वेळेवर तोडत राहिले की वेल आणखी फळे धरतो. जून होऊ दिली तर वेलाची सारी ताकद बियांत जाते. त्या दुधीच्या फोडी डाळीत घातल्या, सालीची खुरासनी घालून चटणी केली. ज्यांनी वेल मापला होता त्यांनी चटणी मागून घेतली. भोपळ्याची फुले बेसनात तळली तेव्हा तर भांडण लागले. नर फुलेच तोडायची, हे मुलेच मावशींना बजावू लागली. कोवळ्या शेंड्यांची भाजी नाचणीच्या भाकरीबरोबर, पिकल्या भोपळ्याचे गूळ घालून घारगे. शेळ्या पुन्हा दाराशी दिसू लागल्या, पण आता त्यांना फक्त जून साली मिळतात.

सगळे सुरळीत झाले असे सांगितले तर ते खोटे होईल. मागच्या वर्षी सततच्या पावसाने अर्धे वेल मुळाशी कुजले. चौथीतला एक मुलगा अजूनही दुधीचा एकच घास खातो आणि दुसरा कधीच मागत नाही. त्याचा तो हक्क आहे. आणि तुमचा गैरसमज होऊ नये म्हणून सांगते, दुधीने कुपोषण जात नाही. दुधीत बहुतांश पाणीच असते. लाल भोपळ्यातून डोळ्यांना लागणारे अ जीवनसत्त्व शरीराला मिळते, पण त्यालाही जोडीला थोडे तेल लागते. मुलांची वाढ डाळ, अंडी, शेंगदाणे, पोटभर भाकरी आणि आईच्या हाताला मिळणारे काम यांनी होते. तुमची मदत त्यासाठी पूर्वीइतकीच हवी आहे. परसबागेने एवढेच केले की मुले ताटाकडे शिक्षा म्हणून पाहायची थांबली.

आणि आणखी एक गोष्ट झाली. दरवर्षी आम्ही दोन चांगली, चाखलेल्या वेलावरची फळे बियांसाठी राखतो. ती वेलावरच वाळतात. त्यातलेच एक हे समोर आहे. पाड्यावरच्या एका तारपा वाजवणाऱ्या आजोबांनी मुलांना दाखवले की त्यांच्या तारप्याचा फुगीर भाग म्हणजे असाच वाळलेला भोपळा. ज्या दुधीला मुले नाक मुरडत होती, तो त्यांच्या नाचाच्या मधोमध असतो, हे त्यांना त्या दिवशी उमगले.

कडू भाजी खाल्लेली ती मुलगी आता पाचवीत आहे. बियांची राखणदार तीच. मागच्या दिवाळीनंतर तिचे आईवडील भट्टीवर निघाले, तेव्हा तिने आईच्या पदराला दहा बिया बांधून दिल्या आणि सांगितले की झोपडीमागे जिथे अंघोळीचे पाणी जाते तिथे लाव. होळीला आई परत आली. तिने सांगितले, वेल झोपडीच्या छपरावर चढला, नऊ दुधी लागले, शेजारच्या चार झोपड्यांनीही खाल्ले. मुलीने आईला फक्त एक प्रश्न विचारला, “चाखून चिरलेस ना?”

बंधुभगिनींनो, मला आज निराळी मागणी करायची नाही. आजच्या अर्पणातून आम्हांला दोन पाण्याचे पिंप आणि मांडवासाठी बांबू मिळाले, तर भांडी धुतलेल्या पाण्यावर जानेवारीतही वेल लावता येतील. बी आमच्याकडे आहे. शिकवणाऱ्या आज्याही आहेत.

पण घरी गेल्यावर दोन गोष्टी करा. दुधी चिरण्याआधी तुकडा जिभेला लावा. आणि तुमच्या ताटाशी बसलेले लेकरू “कडू लागते” म्हणाले, तर रागवण्याआधी त्याच्या ताटातला एक घास स्वतः घेऊन पाहा.

देव तुमचे भले करो. मुलांनी तुम्हां सर्वांना सलाम सांगितला आहे.